जेऊर जिन्यावरून खाली आलं

भाद्रपदात मोहोळकर मास्तरांच्या गाड्या बंद पडल्या आणि त्याचा ताप सगळ्यात जास्त मला झाला. आमच्या दोन्ही घरांना भिंत एकच. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे मला गोंगाटाची सवय आहे, शांततेची नाही. आणि ती शांतता काही साधी नव्हती. समोरच्याला दुखवायचं नाही म्हणून दोन माणसं गप्प बसतात ना, तसली होती. त्यापेक्षा भांडण बरं. भांडणात निदान भांडी तरी वाजतात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनातले. चिंतामणी मोहोळकर, रेल्वेत सहायक स्टेशन मास्तर म्हणून लागले आणि स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. पहिली नेमणूक जेऊरची. लग्न होऊन लीलावहिनी आल्या त्या थेट जेऊरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. पुढे बऱ्याच बदल्या झाल्या, बरी घरंही मिळाली, पण दोघांचा जीव अडकला तो जेऊरमध्येच. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, मास्तर गच्चीवर गेले. तिथं पत्रे टाकून केलेल्या खोलीत त्यांनी अख्खं जेऊर उभं केलं. पलंगाएवढ्या दोन टेबलांवर फलाट, सिग्नल, मालधक्का, क्वार्टरच्या दारातला पाण्याचा पिंप, सगळं होतं. रूळ बोटभर रुंदीचे आणि त्यावरून हातभर लांबीची पॅसेंजर फिरायची. दुसऱ्या टोकाला केम स्टेशन होतं. ते वहिनींचं.

हे 'वहिनींचं' नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रेल्वेचा नियम असा, की पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागच्या स्टेशनाने गाडी सोडायची नाही. मास्तरांनी निवृत्तीनंतरही हा नियम पाळला. ते जेऊर, वहिनी केम. "केमला कुंकू बनतं, कुंकवाचं गाव आहे, ते मलाच हवं," असं म्हणून वहिनींनी ते मागून घेतलं होतं. वहिनी वर असल्या तर समोरासमोर, खाली स्वयंपाकघरात असल्या तर फोनवर, पण विचारल्याशिवाय गाडी हलायची नाही. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर, आणि माझी गच्ची त्यांच्या गच्चीला लागून. मी कपडे वाळत घालताना रोज ऐकायची.

"केम, लाइन क्लिअर?"

"थांबा, कुकरची एक शिट्टी राहिलीय."

आणि गाडी खरंच थांबायची. पत्र्याखाली घामाघूम होऊन मास्तर कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसायचे. मी त्यांना म्हणायची, "मास्तर, खऱ्या रेल्वेत असताना प्रवाशांना एवढं मानलं असतंत तर पुतळा उभारला असता तुमचा." ते हसून म्हणायचे, "बाई, प्रवासी तक्रार करतात. केम जेवायला घालतं."

वहिनी नुसत्या फोन घेणाऱ्या नव्हत्या. जेऊरच्या माळावरची मेंढरं त्यांच्या हातची. वातीच्या कापसाची अंगं, काड्यापेटीतल्या काड्यांचे पाय. मेंढरांमागचा धनगर होता, त्याच्या खांद्यावरची घोंगडी मास्तरांच्या फाटक्या लोकरी मोज्याची. आणि झाडं. जुन्या मोटारीतली तांब्याची तार पिळून खोड करायचं आणि चहाचा चोथा वाळवून, हिरवा रंगवून त्याची पानं चिकटवायची. त्यांची कडुलिंबाची झाडं अशी व्हायची की खाली बसावंसं वाटावं.

ती लिंबं ताटात घेऊनच त्या जिना चढत होत्या. जेऊरच्या फलाटामागची रांग नव्याने लावायची होती. वळणावर आल्या आणि कमरेला खोचलेला फोन वाजला. "केम, लाइन क्लिअर?" एका हातात ताट, दुसरा हात फोनकडे गेला आणि पाय सुटला.

आवाज ऐकून मी धावले. वहिनी वळणावर आडव्या पडलेल्या, चेहरा पांढरा. मास्तर वरून उतरले, त्यांना मीच रिक्षा बघायला पिटाळलं. ते गेल्यावर वहिनी मला काय म्हणाल्या असतील? "ताई, आधी झाडं गोळा करा. पायाखाली येतील कुणाच्या." मी चिडून म्हटलं, "वहिनी, हाड मोडलंय तुमचं!" तर म्हणाल्या, "ते डॉक्टर बघतील. झाडं तुम्ही बघा." मी पायऱ्या-पायऱ्यांवरची लिंबं वेचून स्टीलच्या डब्यात भरली. ताट पालथं होऊ दिलं नव्हतं बाईने, म्हणून बहुतेक सगळी धड होती. "आणि यांना दाखवू नका," त्यांनी वर बजावलं. "आत्ता नको." तो डबा तेव्हापासून माझ्या कपाटात साड्यांच्या मागे बसून राहिला.

खुब्याचं ऑपरेशन झालं. घरातल्या घरात वॉकर धरून चालता येईल, जिना मात्र विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्या त्या दिवशी मास्तरांनी काय करावं? गच्चीवर गेले, घरातल्या झाडून सगळ्या चादरी जेऊरवर पांघरल्या, दाराला कुलूप लावलं आणि खाली येऊन वहिनींसाठी मऊ भात टाकला. पुढे औषधं टाइमटेबलप्रमाणे, पथ्यपाणी चोख, पायाला शेक दोन वेळा. पण गाडीचं नाव नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "बाई, माझ्या एका फोनपायी ती जन्माची अधू झाली. आता कसली गाडी?"

"फोन तुमचा होता मास्तर, पाय वहिनींचा घसरला. जिन्यालाही थोडा दोष द्या की," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. कमी ऐकू येण्याचा हा एक फायदा असतो.

तिकडे वहिनी मला हळूच सांगायच्या, "हाड दुखतं ते सोसतं हो ताई. पण हे वर जात नाहीत, ते नाही सोसत. मला वाटतं, माझा राग आलाय त्यांना. सगळा खेळ मी मोडला ना."

आता बघा. त्याला वाटतं तिला गाडीचा तिटकारा आला असेल, तिला वाटतं त्याला तिचा राग आला असेल. दोघंही सोन्यासारखी माणसं, आणि दोघांनाही एक-एक थोबाडीत द्यावी असं मला रोज वाटायचं. पण डबा दाखवायचा नाही असं वचन दिलेलं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

कडेलोट केला तो सुबोधने. सुबोध म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला असतो, पोरगा चांगलाच आहे. त्याने फोनवर सुचवलं, "बाबा, ते एखाद्या शाळेला देऊन टाकू या का? मुलं तरी खेळतील." मास्तर लगेच "बरं" म्हणाले. पण त्या दुपारी मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन गेले, तर जेवणाचं ताट जसंच्या तसं आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. तेव्हा माझा बांध फुटला.

"मास्तर," मी म्हटलं, "ह्या वर जाऊ शकत नाहीत, तर जेऊर खाली आणा. एवढी स्टेशनं चालवलीत, एक स्टेशन हलवता येत नाही?"

"खोलीतच बांधलंय ते बाई. दारातून निघायचं नाही, जिन्याला वळण आहे. कापावं लागेल."

"मग कापा!"

जिवंत माणूस कापायला सांगावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी तणतणत घरी आले. रात्री वाटलं, जरा जास्तच बोलले. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर पलीकडे पत्र्याच्या खोलीचं कुलूप उघडलेलं. मास्तर दारात उभे, हातात फोन.

"केम," त्यांनी विचारलं आणि घसा खाकरला. "केम, ब्लॉक मिळेल का?"

रुळाचं मोठं काम काढायचं असलं की काही वेळ त्यावरची वाहतूक बंद ठेवतात, त्याला रेल्वेत ब्लॉक म्हणतात. तो मागून घ्यावा लागतो. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच गळत होता.

"कशासाठी?" वहिनींचा आवाज आला.

"जेऊर खाली आणायचंय. तुकडे करून."

"किती वेळाचा पाहिजे?"

"संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी मोकळा करतो."

"दिला," वहिनी म्हणाल्या. "जपून कापा."

मी टॉवेल तिथंच टाकला आणि खोलीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं. बरं वाटलं.

काम करायला बाळासो आला. मूळचा मैंदर्गीचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या गठ्ठ्यांसाठी लाकडी खोकी करतो, आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकामं घेतो. घरी आईशी कानडीत बोलतो, आमच्याशी मराठीत, आणि लाकडाशी दोन्हीत. त्याने चादरी बाजूला केल्या आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"काका, हे तर खरंच जेऊर हाय की! माझी मावशी दिलीय तितं." मास्तरांनी खडूने रेघा मारून दिल्या, त्याने करवत उचलली आणि परत खाली ठेवली. "ह्या रुळावरनं करवत घालायची व्हय? मला न्हाय जमायचं. तुमी घाला."

मास्तरांनी करवत हातात घेतली. फलाट मधोमध तोडायचा नव्हता, तो एका तुकड्यात, मालधक्का दुसऱ्यात, माळ आणि मेंढरं तिसऱ्यात, केम चौथ्यात, असं त्यांनी आखलं होतं. करवतीचा पहिला दात रुळात बसला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मी ओरडले, "मास्तर, डोळे उघडा, बोटं आहेत तिथं!" त्यानंतर मात्र हात सरळ चालला.

मग प्रत्येक तुकड्याला खालून प्लायवूडच्या पट्ट्यांची चौकट आली. चौकट हलकी हवी, दोन माणसांनी उचलावी एवढी, आणि जिन्याच्या वळणावर उभी करून फिरवता येईल एवढी. त्यासाठी मास्तरांनी आधी पुठ्ठ्याचा तुकडा जिन्यातून नेऊन पाहिला. दोन चौकटी शेजारी आल्या की त्यांच्या पट्ट्या एकमेकींना आवळून दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट घातला की रुळाला रूळ बरोबर भिडतो. "जोडीनं भोक पाडलं की भांडान न्हाय," बाळासो म्हणाला. हे वाक्य मी भिंतीपलीकडच्यांना ऐकवायला जपून ठेवलं. पायही सुटे केले. हाताने पिळायचे नट, पाय काढा, घडी करा, पुन्हा लावा. विजेच्या तारा मध्ये तोडून त्यांना प्लग जोडले. मास्तर खाली आले की वहिनींना रोजचा रिपोर्ट द्यायचे, आणि वहिनी जेवायला लागल्या.

पायांच्या बाबतीत मास्तर आणि बाळासो दोघेही फार काटेकोर. प्रत्येक पाय लावायचा, वर पाणसळ ठेवायची, तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाय कापायचा, मग पुढचा. आठवडाभर दोघं त्या बुडबुड्याची पूजा करत होते. शेवटी अख्खं जेऊर सुट्या चौकटींवर असं सपाट उभं राहिलं की मास्तरांनी फलाटावर एक मालडबा ठेवला आणि तो जागचा हलला नाही. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जेऊर खाली आणलं. वळणावर मास्तर थांबले. वहिनी पडल्या होत्या तीच पायरी. बाळासो खालून म्हणाला, "काका, धरलंय मी. या." आणि ते आले. मालधक्का आला, माळ आला, मेंढरं आली, शेवटी केम आलं. मी पुढे पळून दारं उघडत होते आणि उगाचच सूचना देत होते. हॉलमध्ये वहिनींची खुर्ची मधोमध ठेवली होती आणि तिच्याभोवती जेऊर लावायचं, असं ठरलं होतं. त्यांना आत-बाहेर करता यावं म्हणून एक चौकट उचलून बाजूला ठेवता येईल अशी केली होती.

आणि चौकटी उभ्या केल्या तर काय, फलाट एका बाजूने बोटभर वर, मालधक्का खाली, माळ तिसरीकडेच झुकलेला. भोकाला भोक लागेना. मास्तरांनी पाय तपासले, नट पिळले, पाणसळ ठेवली. बुडबुडा कोपऱ्यात जाऊन बसला. त्यांनी मालडबा रुळावर ठेवला, तो निघाला आपणहून, घरंगळत गेला टोकाला आणि टपकन वहिनींच्या मांडीवर पडला.

स्टेशनातून डबा आपणहून पळणं म्हणजे स्टेशन मास्तरच्या जन्माची नाचक्की. मास्तरांचा चेहरा उतरला. पाय तर सगळे मोजून कापलेले, मग बिघडलं कुठं? माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू आवरेना. हसायची वेळ नव्हती, पण मी भूगोलाची बाई आहे.

"मास्तर, तुमची खोली गच्चीवर आहे. पावसाचं पाणी पाइपाकडे जावं म्हणून गच्चीला उतार असतो! तुम्ही त्या उताराच्या मापाने पाय कापलेत. हॉलची फरशी सपाट आहे हो!"

बाळासोने कपाळावर हात मारून घेतला. "आयला! दोघंबी बुडबुड्याकडंच बगत बसलो, खाली कुनीच बगितलं न्हाय." त्याने पिशवीतून करवत काढली. "द्या, बसल्या बसल्या कापून सरळ करतो."

मास्तर मात्र खालीच बसले. "राहू दे," ते म्हणाले. "माझ्या हातून ह्या गाडीचं काही धड होत नाही. सुबोधला सांगून टाकू. शाळेला जाऊ दे." त्यांचा आवाज मला आजही आठवतो. आठवडेच्या आठवडे उभा राहिलेला माणूस एका मिनिटात बसला. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा चादरी येणार.

"करवत ठेव बाळासो," वहिनी म्हणाल्या. मांडीवरचा मालडबा त्यांनी अजून धरून ठेवला होता. "आज हॉलसाठी कापशील. उद्या सुबोधकडे न्यायचं झालं की तिथल्या फरशीसाठी कापशील. असं करता करता पायच संपतील. आपलं वॉशिंग मशीन आणलं तेव्हा हलत होतं, तर त्या माणसाने काय केलं होतं? खालचे पाय फिरवले ना? तसे ह्यालाही लावा. प्रत्येक पायाखाली एकेक बोल्ट. फिरवला की वर, उलटा फिरवला की खाली."

मास्तरांनी मान वर केली. भाद्रपदापासून पहिल्यांदा ते वहिनींकडे नीट बघत होते, आजारी माणसाकडे बघतात तसं नाही, केमकडे बघायचे तसं.

बाळासोने सगळे पाय आधी सारख्या उंचीचे केले, बाजारातून बोल्ट आणि नट आणले, प्रत्येक पायाच्या बुडात भोक पाडून नट ठोकून बसवला. मग मास्तर फरशीवर पालथे पडून बोल्ट फिरवू लागले आणि पाणसळ वहिनींच्या हातात. "थोडं वर. अजून. बास, बास, जास्त झालं, मागे घ्या." गच्चीवरून ज्या आवाजाची मी वाट बघत होते तो आता माझ्या शेजारी बसून हुकूम सोडत होता. दिवेलागणीपर्यंत सगळ्या भोकांत बोल्ट गेले. मास्तरांनी जोडावरून बोट फिरवलं. रुळाला रूळ लागला होता.

गाडी फलाटाला लावली. मास्तर उठले, शर्टावरचा भुसा झटकला, आणि ताठ उभे राहिले.

"केम, लाइन क्लिअर?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

बाळासो माझ्याकडे बघू लागला, मी वहिनींकडे. मास्तरांचा हात बटणावर तसाच राहिला.

"फलाटावर सावली नाही," वहिनी म्हणाल्या. "जेऊरचं ऊन काय असतं ते विसरलात? प्रवासी उभे कुठं राहतील? ताई, डबा आणा."

मी धावले. ह्या वयात एवढं धावायचं नसतं, पण धावले. साड्या उपसल्या, डबा काढला, परत आले आणि झाकण उघडून मास्तरांपुढे धरलं. चोथ्याच्या हिरव्या पानांची सगळी लिंबं आत उभी होती.

मास्तरांना आधी कळेना. मग कळलं. "ही... ही त्या दिवशीची?"

"दोन्ही हातांनी ताट धरलं, पालथं होऊ दिलं नाही मी," वहिनी म्हणाल्या. "कठडा धरला असता तर झाडं गेली असती. मीच नाही धरला. तुमच्या फोनने नाही पडले मी. कळलं? कधी विचारलंच नाही तुम्ही."

स्टेशन मास्तर मोहोळकर, आम्हा सगळ्यांच्या देखत, ओंजळीत दोन झाडं घेऊन लहान मुलासारखे रडले. वहिनींनी त्यांना रडू दिलं, पण फार वेळ नाही.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. "आधी लिंबं लावा. गाडी लेट होतेय."

मास्तरांनी एकेक लिंब फलाटामागे रोवलं. वहिनी बोटाने जागा दाखवत होत्या. शेवटचं झाड लागलं, मास्तरांनी डोळे पुसले, हात बटणावर नेला आणि विचारलं. ह्या वेळी आवाज अगदी हळू आला, पण वहिनींना बरोबर ऐकू गेला.

"लाइन क्लिअर," केम म्हणालं.